सत्तरीचा चिखल आणि स्पितीचा बर्फ: जुनी फोर-बाय-फोर गाडी घेण्यापूर्वी काय तपासावे

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील केरी परिसरातील एका बागायतदारांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. वाटेत तांबड्या मातीचा एक लांब चढ आहे, एक व्हाळ (ओढा) ओलांडावा लागतो आणि शेवटचा टप्पा शेवाळलेल्या जांभ्या दगडाचा आहे. पावसाळ्यात त्यांची साधी गाडी अर्ध्या वाटेवर ठेवावी लागते आणि खताची पोती माणसांच्या डोक्यावरून न्यावी लागतात. शिवाय येत्या फेब्रुवारीत ते आणि त्यांचे चिरंजीव गोव्याहून रस्त्याने हिमाचलातल्या स्पितीला जाऊ इच्छितात. दहा लाखांच्या आतल्या चार गाड्या त्यांच्या नजरेत आहेत: २०१३ सालची डिझेलवर चालणारी महिंद्रा थार सीआरडीई, लष्कराच्या लिलावातून आलेली मारुती जिप्सी, २०१५ सालची रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी (चारही चाकांना ताकद देणारी) आणि किनारपट्टीवर पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी २०२१ सालची नव्या पिढीची थार. यांपैकी कोणती घ्यावी, आणि चिखल व बर्फ ही दोन्ही कामे एकच गाडी करील का, असे त्यांनी विचारले आहे; शेवटी बर्फात चाकांना लावायच्या साखळ्यांविषयीही विचारले आहे. पुढचे उत्तर त्यांनाच उद्देशून आहे.

फोंड्याला गॅरेज सुरू करून मला सव्वीस वर्षे झाली. त्यांपैकी पहिली बरीच वर्षे खाणींवरच्या जीपगाड्यांच्या दुरुस्तीत गेली आणि अलीकडे कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या गाड्या आणि सत्तरी-सांग्यातल्या बागायतदारांच्या गाड्या माझ्याकडे येतात. हिमाचलात हिवाळ्यात मी स्वतः तीनदा गाडी घेऊन गेलो आहे. या अनुभवावरून माझे मत असे की, चारांपैकी पहिली पसंती २०२१ च्या थारला द्यावी, परंतु ती रॅम्पवर चढवून खालून तपासल्याशिवाय विसाराची रक्कमसुद्धा देऊ नये. त्या तपासणीत ती नापास झाली, आणि भाड्याच्या गाड्यांपैकी बऱ्याच नापास होतात, तर २०१३ ची थार घ्यावी. डस्टर ही चांगली गाडी असली तरी आपल्या वाटेची नाही. जिप्सी आपल्या वाटेची आहे, पण दोन हजारांहून अधिक किलोमीटरच्या प्रवासाची नाही.

हा क्रम मी मॉडेलच्या नावावरून लावलेला नाही. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस गाडी कुळागराच्या वाटेवर जाणार आहे आणि बर्फात जेमतेम दहा दिवस राहणार आहे. बर्फासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टी, म्हणजे टायर, साखळ्या, कूलंट, बॅटरी, हीटर, या नंतर बसवता किंवा बदलता येतात. चिखलाच्या चढासाठी लागणारा लो-रेंज गिअर मात्र गाडीत मुळातच असावा लागतो, आणि कुजलेली चॅसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कोणालाही पुन्हा कारखान्यातल्यासारखी करून देता येत नाही. म्हणून लो-रेंज आहे का, आणि चॅसी निरोगी आहे का, या दोन प्रश्नांवर निर्णय घ्यावा.

लो-रेंजचे महत्त्व आपल्या वाटेवरूनच सांगतो. ओल्या तांबड्या मातीच्या चढावर, मागे सहा-सात पोती असताना, साध्या पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू चालवायची तर क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो. क्लच तापतो, जळका वास येतो, आणि मग चालक घाईने वेग घेतो व चाके घसरतात. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या धुरांना वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमधील लो-रेंजमुळे चाकांना मिळणारा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी होतो. क्लचवरून पाय पूर्ण काढून गाडी माणसाच्या चालीने चढते. उतरतानाही तोच गिअर इंजिनाच्या ओढीने गाडी रोखून धरतो, ब्रेकला हात लावावा लागत नाही. शेवाळलेल्या जांभ्यावर आणि गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक अडते आणि गाडी घसरत जाते, म्हणून हा गुण दोन्ही ठिकाणी सारखाच उपयोगी आहे.

डस्टरमध्ये हा गिअर नाही. तिचा पहिला गिअर मुद्दाम फार आखूड ठेवलेला आहे, जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर आहे आणि मागचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे महामार्गावर ती बाकीच्या तिन्ही गाड्यांपेक्षा आरामदायक आहे. मागच्या चाकांना ताकद देणारा तिचा विजेवर चालणारा क्लच बर्फाळ डांबरी रस्त्यावर उत्तम काम करतो. परंतु चिखलात चाके बराच वेळ फिरत राहिली तर तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मागची ताकद तोडतो. शिवाय तिची डिझेल आवृत्ती २०२० मध्ये बंद झाली आहे. स्पिती हेच एकमेव काम असते तर मी आपणांस डस्टरच सुचवली असती.

जिप्सीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. १९८५ मध्ये ती आली आणि पुढे १२९८ सीसीच्या इंजिनासह २०१९ पर्यंत मिळत राहिली. जेमतेम हजार किलो वजन असल्यामुळे जिथे जड गाडी रुतते तिथून ती निघून जाते, आणि आपल्या कुळागराला तिच्याहून योग्य गाडी क्वचित मिळेल. पण तिचे पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सस्पेन्शन इतके कडक आहे की बेळगावपर्यंत जाऊन आल्यावरही पाठ बोलू लागते. तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही. इंजिनाला जास्त हवा दाबून भरणारा टर्बो नसल्यामुळे स्पितीतल्या काझाच्या उंचीवर, जिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरते, तिची ताकदही त्याच प्रमाणात घटते. दोन गाड्या ठेवणे शक्य असेल तर एक जिप्सी कुळागरासाठी जरूर ठेवावी. लष्करी लिलावातील गाडी असेल तर लिलावाच्या कागदांपासून आजच्या मालकापर्यंतची साखळी अखंड आहे का आणि नोंदणी खरोखर झाली आहे का, हे आधी पाहावे. कागद अपुरे असलेली जिप्सी कितीही सुंदर रंगवलेली असली तरी ती विकत घेऊ नये.

आता थारविषयी. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या थारचे सीआरडीई इंजिन २४९८ सीसीचे आहे; पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे. मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे धुरेवरच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला, दोन्ही चाके एकत्र फिरवणारा यांत्रिक लॉक २०१५ च्या सुधारणेत आला, म्हणजे आपण पाहिलेल्या २०१३ च्या गाडीत तो नाही. डिफरन्शियलचा स्वभाव असा की, दोन चाकांपैकी ज्याची पकड कमी, त्याला पेलवेल तेवढाच जोर तो दुसऱ्यालाही देतो. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक अशी तिरकस दोन चाके हवेत किंवा चिखलात गेली, की फोर-बाय-फोर असूनही गाडी जागच्या जागी थांबते. आपल्या व्हाळाच्या काठावर नेमके हेच होण्याची शक्यता आहे, कारण पाण्याने एका बाजूची माती कापून नेलेली असते. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये घसरणारे चाक ब्रेकने रोखण्याची व्यवस्था आहे आणि काही प्रकारांत मागे यांत्रिक लॉकही आहे. गाडी नेमक्या कोणत्या प्रकारची आहे ते चॅसी क्रमांकावरून अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्यावे. पाण्यातून जाण्याची तिची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, तरी व्हाळ गुडघ्याच्या वर असेल तर थांबावे, कारण वाहत्या पाण्याचा धक्का त्या आकड्यात धरलेला नसतो. आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते: जानेवारी २०२३ पासून थार केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वरूपातही मिळते आणि बाहेरून ती सहज ओळखू येत नाही. आपली २०२१ ची असल्यामुळे तो प्रश्न नाही. मात्र शोध वाढवलात तर आत ट्रान्सफर केसचा दांडा आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

भाड्याच्या गाडीविषयी मी इतका सावध का, ते सविस्तर सांगतो. काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी वर्षभर वेगवेगळ्या हातांत असते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई असूनही पर्यटक ती वाळूत नेतात आणि लाटांच्या कडेने चालवतात. संध्याकाळी गाडी धुतली जाते, पण ती वरून. चॅसीच्या पोकळ लांब पट्ट्यांत ओली खारट वाळू तशीच बसून राहते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो.

म्हणून गाडी रॅम्पवर घेतल्यावर मी पहिली गोष्ट करतो ती अशी: मागच्या चाकांच्या पुढे, चॅसीच्या खालच्या अंगाला पाणी निथळण्यासाठी भोके असतात, त्यांत बोट घालून आतला गाळ काढतो आणि पांढऱ्या कागदावर ठेवतो. आपल्या आतल्या गावांत चाललेल्या गाडीतून तांबडी, बोटाला चिकटणारी माती येते. किनाऱ्यावर चाललेल्या गाडीतून फिकट, चरचरीत वाळू येते, तिच्यात शिंपल्यांचे बारीक चमकते कण असतात, आणि तिच्याबरोबर गंजाचे पापुद्रे पडतात. पापुद्रे नखाएवढे मोठे आणि थराथरांचे असतील तर मी पुढची तपासणी करीत नाही. त्यानंतर छोट्या हातोडीने चॅसीवर एक-एक वितीच्या अंतराने हलकेच ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते. जिथे आवाज बद्द होतो तिथे आत पत्रा पातळ झालेला असतो किंवा वरून लांबी (पुट्टी) भरलेली असते. पाट्यांचे ब्रॅकेट, बॉडी जिथे चॅसीवर बसते ते रबर, ब्रेकच्या बारीक नळ्या आणि इंधनटाकीचे पट्टे ही गंजाची ठरलेली घरे आहेत.

ताजे काळे अंडरकोटिंग, म्हणजे खालून मारलेला गंजरोधक थर, दिसले तर ते खरवडून पाहण्याची परवानगी मागावी आणि मालकाने नकार दिल्यास परत यावे. हा नियम मी एका चुकीनंतर केला. काही वर्षांपूर्वी सांग्याच्या एका परिचितांसाठी मी एक जीप तपासून दिली होती. खालून नवीन काळा थर होता, विक्रेत्याने तो पावसाळ्यापूर्वी मुद्दाम मारला असे सांगितले आणि मी फक्त हात पोहोचेल तिथे ठोकून ती चांगली ठरवली. श्रावणात नेत्रावळीच्या रस्त्यावर तिच्या मागच्या पाट्याचे ब्रॅकेट चॅसीच्या पत्र्यासकट निघून आले. गाडी हळू असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही, पण घरातील मुले मागे बसलेली होती. त्यानंतर कोणत्याही गाडीचा काळा थर मी किमान सहा ठिकाणी खरवडतो.

चॅसी उत्तीर्ण झाली की तेले पाहावीत. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल, या चारही ठिकाणचे तेल थोडे-थोडे काढून काचेच्या पेल्यात पाहावे. काळपट तेल ही फार चिंतेची गोष्ट नाही. दूध घातलेल्या चहासारखे तेल मात्र आत पाणी शिरल्याची खूण आहे. गरम झालेले डिफरन्शियल व्हाळाच्या थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते, आणि वरची ब्रीदरची, म्हणजे हवा येण्या-जाण्याची, बारीक नळी चिखलाने बुजलेली असेल तर ती हवा ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. दूधसागरच्या वाटेवरच्या गाड्यांत हा दोष आम्हाला हंगामभर दिसतो, आणि वेळेवर तेल बदलले तर काही बिघडतही नाही. परंतु विक्रीला ठेवलेल्या गाडीत ते तेल किती महिने तसेच होते हे आपल्याला कळत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असणे स्वाभाविक आहे, दातांचे तुकडे असणे नाही.

यानंतर गाडी खरोखर चार चाकांवर चालते का, हे सिद्ध करून घ्यावे. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोहोचली असे होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षे दांडा हलवलेला नसतो आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. पार्ट-टाइम व्यवस्थेच्या, म्हणजे गरजेपुरतीच पुढची चाके जोडणाऱ्या, गाडीसाठी माझी पद्धत अशी आहे. मातीच्या सपाट जागेत फोर-हाय (चारही चाके, पण लो-रेंज नाही) लावून गाडी सात-आठ हात पुढे घ्यावी, रिव्हर्स न घेता थांबवावी, कारण पुढच्या चाकांना धुरेशी जोडणारे, आपोआप लॉक होणारे हब मागे घेतल्यावर सुटतात. इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि पुढचे एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. चाक थोडे हलून अडले, तर ट्रान्सफर केसपासून दोन्ही हबपर्यंतची साखळी जोडलेली आहे. ते मोकळे फिरले तर कुठेतरी ती तुटलेली आहे: कधी हब, कधी त्याला व्हॅक्यूम नेणारी चिरलेली नळी, कधी ट्रान्सफर केसमधील फोर्क. नळी शंभर-दोनशे रुपयांची असते आणि ट्रान्सफर केसचे काम हजारांत जाते, म्हणून दोष नेमका कुठे आहे ते कळल्याशिवाय किंमत ठरवू नये. मग लो-रेंजमध्ये, त्याच मातीवर, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू एक फेरी घ्यावी. गाडी आखडल्यासारखी, ओढल्यासारखी चालली पाहिजे; कटकट आवाज मात्र येता कामा नये.

ही आखडण्याची क्रिया समजून घेणे आपल्याला स्पितीतही उपयोगी पडेल. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात, आणि पार्ट-टाइम व्यवस्थेत दोन्ही धुरा एकमेकांना घट्ट जोडलेल्या असतात. माती आणि बर्फ चाकाला थोडे घसरू देतात, त्यामुळे ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही आणि शाफ्ट, क्रॉस, बेअरिंग यांवर साठत राहतो. हिवाळ्यात किन्नौरच्या रस्त्यावर शंभर मीटर बर्फ, मग अर्धा किलोमीटर कोरडे डांबर, पुन्हा सावलीत बर्फ, असे चालते. तिथे दर वेळी दांडा बदलण्याचा कंटाळा करू नये. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये मधला डिफरन्शियल असल्यामुळे हा त्रास नाही, पण तिचे वजन आणि रुंदी आपल्या कुळागराच्या वाटेला झेपणार नाही.

शोध वाढवायचा असेल तर गाडीचे पूर्वायुष्य कुठे गेले हे मॉडेलपेक्षा आधी विचारावे. गोव्यातल्या खाणींवर चाललेल्या जीप आणि महिंद्राच्या कॅम्पर पिकअप गाड्या २०१२ च्या आणि नंतर २०१८ च्या खाणबंदीनंतर बऱ्याच विकल्या गेल्या आणि अजूनही हात बदलत फिरतात. त्यांची चॅसी सहसा भक्कम असते, पण खनिजाची बारीक धूळ बेअरिंग आणि सीलमध्ये गेलेली असते आणि किलोमीटरच्या आकड्याला काही अर्थ नसतो. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, त्यात बुडालेल्या गाड्याही कोरड्या करून बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाडी कितीही धुतली तरी आतल्या गुंडाळीवर गाळाची रेघ राहून जाते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्त मिळतात. चॅसी कोरड्या हवेतली असल्यामुळे मी त्यांना नाकारत नाही, मात्र नोंदणीची मुदत तपासल्याशिवाय घेऊ नये. माझ्या अनुभवात सर्वांत निकोप गाड्या बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात, शेतकऱ्यांच्या घरी मिळतात.

कागदांचे थोडक्यात सांगतो. परराज्यातील गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी हवी, बँकेचा बोजा असल्यास तो उतरवल्याची नोंद आरसीवर हवी, आणि भाड्याची गाडी असल्यास ती खासगी वापरात बदलून तशी आरसी हातात आल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. गाडी उंच केलेली असेल, मोठे टायर घातलेले असतील किंवा वरचे छत बदललेले असेल, तर ते बदल आरसीत नोंदलेले आहेत का ते पाहावे; कारखान्याच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अपघाताच्या वेळी विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढते.

आता बर्फासाठीच्या तयारीकडे येतो. इथे गोव्याच्या गाडीचा एक विशेष दोष आहे, जो उत्तरेकडच्या माणसाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही. त्यामुळे हीटरच्या आतला छोटा रेडिएटर गळू लागला की मेकॅनिक दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून तो वगळून टाकतात आणि मालकाला सांगतही नाहीत. तसेच इंजिन तापते अशी तक्रार आली की इंजिन तापेपर्यंत कूलंट रोखून धरणारा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आहे. गोव्याच्या उन्हात या दोन्ही गोष्टी खपून जातात. स्पितीत मात्र इंजिन नीट तापणारच नाही, आत ऊब येणार नाही आणि पुढच्या काचेवर श्वासाचे दव गोठून समोरचे दिसेनासे होईल. गाडी पाहताना इंजिन गरम झाल्यावर हीटर पूर्ण लावून हाताला चटका बसेल इतकी हवा येते का, हे पाहावे. भर दुपारी म्हापशात हीटर लावायला सांगितल्यावर विक्रेते आश्चर्याने पाहतात, तरी आग्रह धरावा.

रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर ते गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फोडू शकते. पूर्ण यंत्रणा धुऊन निम्मे कूलंट आणि निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण भरावे. ते उणे ३५ अंशांच्या आसपास टिकते. फेब्रुवारीत काझाला रात्रीचे तापमान उणे वीसच्या खाली जाते, म्हणजे पुरेसा अवकाश राहतो. बॅटरीची ताकद तशा थंडीत निम्म्यावर येते, म्हणून दोन वर्षांहून जुनी बॅटरी घेऊन जाऊ नये. इंजिनासाठी पुस्तिकेत परवानगी असेल तर ५डब्ल्यू श्रेणीचे, थंडीतही पातळ राहणारे तेल वापरावे.

डिझेलमधील मेण थंडीत गोठते आणि फिल्टर बुजवते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. वाटेत ते जिथे मिळेल तिथे तेच भरावे, आणि निघण्यापूर्वी फिल्टर बदलून त्यातील पाणी काढावे. आपण पाहिलेली २०२१ ची थार पेट्रोल आहे की डिझेल, हे आपण कळवलेले नाही. पेट्रोल असेल तर माझे मत तिच्या बाजूने आणखी झुकते. पेट्रोल गोठत नाही, तिच्या इंजिनाला टर्बो असल्यामुळे उंचीवर ताकद फारशी घटत नाही, आणि बीएस-६ डिझेल गाड्यांतील धुराचा फिल्टर, ज्याला आपण डीपीएफ म्हणतो, तो तीन-चार किलोमीटरच्या रोजच्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो. आपल्या कुळागराच्या फेऱ्या नेमक्या तशाच आहेत. इंधनाचा खर्च जास्त होईल हे खरे, पण वर्षाला फार किलोमीटर होणार नसतील तर तो सोसावा.

मार्गाविषयी एक गैरसमज दूर करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून स्पिती वर्षभर गाठता येते असे अनेकांना वाटते. बोगदा लाहौलपर्यंत नेतो; पुढची साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड हिवाळ्यात बर्फाने बंदच असते. फेब्रुवारीत काझाला शिमला, रामपूर, नाको, ताबो या किन्नौरच्या वाटेनेच जावे लागते.

टायर मात्र मी गाडीइतकेच महत्त्वाचे मानतो. चार चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते, पण थांबते ती टायरच्या पकडीवर; त्या बाबतीत फोर-बाय-फोर आणि साधी गाडी यांत काहीच फरक नाही. टायरच्या अंगावर चार आकडी संख्या असते: ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना टायर नक्षी चांगली दिसली तरी थंडीत दगडासारखा कडक होतो. चिखलाचे मोठ्या ठोकळ्यांचे टायर बर्फाच्या कडक थरावर घसरतात, आणि ठोकळ्यांच्या मधल्या रुंद खाचा कुळागरात मातीने भरल्या की तिथेही उपयोगी पडत नाहीत. म्हणून ऑल-टेरेन प्रकारचे, शक्य झाल्यास डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेले टायर घ्यावेत. आपल्या दोन्ही कामांना तेच पुरतील.

साखळ्यांविषयी आपण शेवटी विचारले होते. चारही चाकांच्या घ्याव्यात. एकच जोडी घेणार असाल तर ती पुढे लावायची की मागे, हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे. टायरच्या मापाशी अगदी जुळणाऱ्याच घ्याव्यात, कारण सैल साखळी ब्रेकची नळी तोडते. लावल्यावर दोन-तीनशे मीटर जाऊन पुन्हा आवळाव्यात, ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि डांबर लागताच काढाव्यात. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नये, तो गोठून अडकतो; गिअर टाकून चाकांना दगड लावावेत. निघण्यापूर्वी आपण आणि चिरंजीवांनी कुळागरात, बागेला पाणी सोडल्यावर जो चिखल होतो त्यात बसून, जाड हातमोजे घालून, आणि एकदा तरी अंधारात टॉर्चच्या उजेडात, चारही साखळ्या लावून काढून पाहाव्यात. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल. तो दहा मिनिटांवर येईपर्यंत हा सराव चालू ठेवावा.